डिस्करेजची नोंद

कोशाच्या कचेरीत जो ज्या अक्षरावर बसला, तो त्या अक्षराचाच होऊन जाई. एस हे सगळ्यांत लठ्ठ अक्षर. त्यानं तीन कपाटं अडवलेली, आणि त्याच्यावर बसलेले एसमामा. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, पण तोंडाचा पट्टा नोकरीच्या पहिल्या दिवसासारखाच चालू. ए आणि बी सांभाळत एबीबाई. त्या दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायच्या, आणि त्यातली चार 'हं' असायची. पीवर बसलेला तिशीतला गृहस्थ कडक इस्त्रीचा. त्याला नुसतं 'पी' म्हटलं की कुणीतरी काहीतरी प्यायला सांगतंय असं वाटे, म्हणून तो पीसाहेब. आणि डीबाई. त्यांना या कचेरीत एकोणीस वर्षं झाली होती. मागच्या आवृत्तीत त्यांनी एच संपवला, या आवृत्तीत डी चालू होता.

इंग्रजी शब्दाला आपल्या भाषेत अर्थ द्यायचा, आणि तो अर्थ माणसं खरोखर कशी बोलून दाखवतात याची वाक्यं द्यायची, एवढंच काम. पण वाक्य बसल्या जागी बनवायला बंदी होती. ते स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. खालच्या छापखान्यातून कागदाची कात्रणं वर येत. त्यांच्या तळहाताएवढ्या चिठ्ठ्या करायच्या. पुढच्या बाजूला शाईनं वाक्य. मागच्या बाजूला पेन्सिलीनं कोण म्हणालं, कुणाला, केव्हा. शुक्रवारी तीन वाजता लांब टेबलाभोवती वाचन. वाचणाऱ्यानं फक्त पुढची बाजू वाचायची, पण कुणीही 'कोणाचं?' असं विचारलं की चिठ्ठी उलटून मागचंही मोठ्यानं वाचायचं. यात सूट कुणालाच नाही. हा नियम खुद्द मुख्य संपादकांनी, म्हणजे सरांनी घातला होता. कारण फार पूर्वी एका ब्रह्मचारी गृहस्थांनी 'लव्ह'ची चाळीस वाक्यं घरी बसून रचून आणली होती, आणि ती ऐकताना कुणाला कुठं बघावं ते कळेना.

तर हे सर आता निवृत्त होणार होते. कोश चालवणाऱ्या मंडळानं त्यांच्या जागेसाठी कचेरीतल्याच माणसांकडून अर्ज मागवले. अर्ज एका पानाचा. तळाशी विद्यमान मुख्य संपादकांच्या सहीची रेघ; सही नसेल तर अर्ज खिडकीतूनच परत. शेवटची मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच.

डीबाईंनी अर्ज सोमवारी सकाळी दहा वाजता सरांच्या हातात दिला.

सरांनी तो वरून खाली, खालून वर वाचला, चष्मा काढला आणि हसून म्हणाले, "अहो बाई, तुम्ही खुर्चीत बसलात तर कामं कोण करणार?"

सर हसले म्हणून डीबाईही हसल्या. सरांनी अर्ज काचेच्या पेपरवेटखाली सरकवला. "राहू दे इथं. बघतो."

जागेवर येऊन बसल्यावर डीबाईंच्या ध्यानात आलं, की आपण हसलो. कशाला हसलो? कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एकोणीस वर्षांत त्या कचेरीत किती वेळा रागावल्या असतील, तर दोनदा, आणि दोन्ही वेळा वाळवीवर.

आता योग असा, की डीचं काम त्याच सोमवारी 'डिस्करेज'वर येऊन ठेपलं होतं. 'डिस्काउंट' शुक्रवारीच उरकलेला. जुन्या आवृत्तीत डिस्करेजपुढे तीन अर्थ होते: नाउमेद करणे, धीर खचवणे, परावृत्त करणे. डीबाईंनी ते दोनदा वाचले. मी तुला परावृत्त करतो, असं आजवर कुणी कुणाला म्हटलंय? 'मी जरा तुझा धीर खचवून येतो हं' असं म्हणत कोण घरातून निघतं?

'डिटर' त्यांनी मागच्या वर्षी केला होता. त्याच्या चिठ्ठ्यांत काटेरी तार होती, कुत्रा होता, दंड होता. तिथं माणूस घाबरून थांबतो, आणि कशाला घाबरला ते बोटानं दाखवता येतं. डिस्करेज हे प्रकरण निराळं. इंग्रज पाटी लावतो, की इथं धूम्रपान डिस्करेज केलं जातं. म्हणजे बंदी नाही, दंड नाही, पण ओढून तर बघा. ओढलीत तर तुमची तुम्हालाच लाज वाटावी अशी सोय. या क्रियापदात काठी कुणाच्याच हातात नसते. सगळे हसतमुख, सगळे आपल्या भल्याचे.

डीबाईंनी कोरी चिठ्ठी ओढली. पुढं शाईनं लिहिलं, 'तुम्ही खुर्चीत बसलात तर कामं कोण करणार?' मग उलटून पेन्सिलीनं मागचं लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

एरवी एका शब्दाला सहा-सात चिठ्ठ्या जमवायला महिना जातो. ही नोंद आपल्या पायांनी चालत घरी आली.

त्याच संध्याकाळी नवरा वर्तमानपत्राच्या आडून म्हणाला, "कर की. मी कुठं नको म्हणतोय?"

"मग पेपर बाजूला ठेवून म्हण."

त्यानं पेपर ठेवला. "हे बघ, मी कर म्हणालो. फक्त घरचं सगळं सांभाळून, एवढंच. नंतर मला बोल लावू नकोस."

डीबाई आत गेल्या आणि फोडणीच्या डब्याशेजारी ठेवलेल्या वहीत लिहून आल्या. त्या ओट्यापाशी शब्द टिपतात हे नवऱ्याला सवयीचं होतं. 'आज कुठला शब्द?' असं तो कधीमधी विचारीही. आज विचारलं नाही.

मंगळवारी ताईचा फोन. ताई तीन वर्षांनी मोठी, आणि ते तिनं पंचेचाळीस वर्षांत एकदाही विसरू दिलेलं नव्हतं. "अगं, तुला कशाला ती डोकेदुखी? आहेस ना छान! तुला पाहिजेच असेल तर बघ बाई, पण तुझ्या जागी मी असते तर नसते पडले त्या भानगडीत."

"तू माझ्या जागी कधी होतीस?"

"बघ, लगेच चिडलीस. अशी चिडकी माणसं चालतात का साहेब म्हणून?"

दोन चिठ्ठ्या.

मंगळवारीच चहाच्या वेळी पीसाहेब कपाच्या कानात बोट अडकवून उभा राहिला. "मॅडम, तुम्ही पण भरताय असं ऐकलं. वा, फारच छान! तुमच्याइतकं योग्य कोण आहे? फक्त हल्ली सगळं कॉम्प्युटरवर असतं ना." आणि अत्यंत काळजीनं त्यांच्याकडे पाहून त्यानं बशीत बिस्किट बुडवलं, कपात नाही. खोटं बोलताना माणसाचा नेम चुकतो.

एसमामांनी तर पाठीवर हात ठेवला. "डी, मी भरला होता हा अर्ज. अकरा वर्षांपूर्वी. काय मिळालं? संधिवात."

"मामा, संधिवात अर्जामुळे झाला?"

"मंडळानं मुलाखतीआधी जिन्याच्या पायरीवर तीन तास बसवून ठेवलं होतं गं."

बुधवारी सर टेबलापाशी मुद्दाम थांबले. "बाई, नाही मिळालं तर तुम्हालाच वाईट वाटेल. म्हणून आपलं सांगतो." अर्जाचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, "आहे ना, आहे. मी काय खातोय तो?" पेपरवेट जागचं हललं नव्हतं.

डीबाईंचा राग आता शिस्तीत आला होता. पहिल्या दिवशी नुसता धूर होता. बुधवारपर्यंत त्याला तारीख, वार, वेळ मिळाली. कुणी 'पण' म्हणायच्या आधी श्वास घेतला, की यांचा हात चिठ्ठीकडे. शेजारीण, दुधाच्या दुकानातली बाई, नवऱ्याची आत्या. जिला हा अर्ज कसला तेही ठाऊक नाही तीही म्हणाली, "या वयात?" गंमत अशी, की सरळ नकार एकाही चिठ्ठीत नव्हता. डीबाईंनी तेवीसच्या तेवीस पुन्हा तपासल्या. 'भरू नकोस' असं कुणीही म्हटलेलं नव्हतं. सगळ्यांनी दार उघडं ठेवलं होतं आणि उंबऱ्यावर तेल ओतलं होतं.

तेविसावी चिठ्ठी मुलीची. चौदा वर्षांची मुलगी वही झाकत म्हणाली होती, "आई, तू आत्ताच इतकी चिडचिड करतेस. मग तर विचारायलाच नको." ती चिठ्ठी डीबाईंनी लिहिली, उलटून मागचं लिहिलं आणि पर्समध्ये घातली. ती वाचायला न्यायची नव्हती. ती खरी होती, म्हणून.

शुक्रवारी तीन वाजता खुर्च्या ओढल्या गेल्या. खालच्या यंत्राची धडधड टेबलातून कोपरांना लागत होती. सर मधल्या खुर्चीत.

"डिस्करेज," डीबाई म्हणाल्या. "क्रियापद. चिठ्ठ्या बावीस."

"बावीस!" एसमामा सरसावले. "अगं, 'डाय'ला सोळा होत्या. लोक मरतात कमी आणि खचवतात जास्त की काय?"

डीबाईंनी पहिली चिठ्ठी वाचली. "कर की. मी कुठं नको म्हणतोय?"

टेबल हसलं. "हा नवरा!" मामा म्हणाले. "हा कुणाचाही नवरा असू शकतो. उलटायचीही गरज नाही."

दुसरी. "तुझ्या जागी मी असते तर नसते पडले त्या भानगडीत."

"छान आहे," पीसाहेब म्हणाला.

तिसरी डीबाईंनी जरा सावकाश वाचली. "तुम्ही खुर्चीत बसलात तर कामं कोण करणार?"

सगळ्यांत मोठ्यानं हसले ते सर. टेबलावर थाप मारली त्यांनी. "वा! याला म्हणतात अस्सल! बघा, वरून स्तुती आहे आणि आतून कडी लावून घेतलीय. समोरचा माणूस आभार मानून परत जाईल. असं वाक्य रचून मिळत नाही, म्हणून मी म्हणतो कान उघडे ठेवा. कोणाचं हो हे?"

डीबाईंनी चिठ्ठी उलटली.

"सरांचं. मला. सोमवार, सकाळी दहा वाजून पाच मिनिटं. माझा अर्ज हातात घेतल्यावर."

खालचं यंत्र नेमकं तेव्हाच थांबलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"पुढं," ते म्हणाले.

"मॅडम, तुमच्याइतकं योग्य कोण आहे? फक्त हल्ली सगळं कॉम्प्युटरवर असतं ना."

"कोणाचं?" मामांनी इतक्या आनंदानं विचारलं, की त्यांचा संधिवात क्षणभर बरा झाला असावा.

"पीसाहेबांचं. मला. मंगळवार, चहाच्या वेळी."

"मी चांगल्या हेतूनं–" पीसाहेब म्हणाला.

"मी भरला होता हा अर्ज. अकरा वर्षांपूर्वी. काय मिळालं? संधिवात."

यावर 'कोणाचं?' असं कुणी विचारलं नाही. मामांची मान खाली गेली. "डी, ते मी गमतीनं म्हटलं होतं गं."

"चिठ्ठीवर गंमत लिहायला जागा नसते, मामा."

त्या वाचत गेल्या. आवाज चढवला नाही. वाणसामानाची यादी वाचावी तशा वाचत होत्या, आणि एकेका वाक्यानिशी टेबलाभोवतीची माणसं खुर्चीत थोडी थोडी मागं सरत होती. सरांचं बुधवारचं वाक्य आलं, 'म्हणून आपलं सांगतो' वालं, तेव्हा सरांनी हात वर केला.

"थांबा. मी आता कोशकार म्हणून बोलतो, हं. हे डिस्करेज नाही. हा सल्ला आहे. जवळच्या माणसांनी काळजीपोटी दिलेला सल्ला. बाई, तुम्ही रागाच्या भरात शब्द चुकलात. एबीबाई, 'अ‍ॅडव्हाइज' तुमच्याकडे ना? घ्या या सगळ्या तुमच्याकडे."

एबीबाईंनी आपली पेन्सिल आडवी ठेवली. "माझ्याकडे नकोत."

"का?"

"माझ्याकडे सल्ल्याच्या चौदा चिठ्ठ्या आहेत. चौदाच्या चौदांमध्ये आधी कुणीतरी विचारलंय, की काय करू? मग समोरच्यानं सांगितलंय. डीबाईंनी कुणाला विचारलं होतं?" एवढं बोलून त्यांनी त्या दिवसाची सगळी वाक्यं संपवली आणि ओठ मिटले.

सरांना ही बाजू उघडी पडेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी पीसाहेबाकडे पाहिलं. पीसाहेबानं डीबाईंच्या हातातल्या शेवटच्या चिठ्ठीकडे पाहिलं. "ही राहिलीय मॅडम."

डीबाई थांबल्या. ही न वाचता चाललं असतं. पण बावीस म्हटल्या होत्या, तर बावीस वाचायलाच हव्यात.

"जाऊ दे. पुढच्या वेळी बघू."

"कोणाचं?" पीसाहेबानं लगेच विचारलं.

चिठ्ठी उलटली गेली. "माझं. मला. गुरुवार, रात्रीची भांडी आवरताना."

"बघा!" सर पुढं झुकले, आवाजात पुन्हा ऊब आली. "बघा, तुम्ही स्वतःच! आणि मुद्दा शेवटी हाच आहे बाई, की तुम्ही थांबलात का? जो थांबला त्याला डिस्करेज केलं असं म्हणता येतं. जो थांबला नाही त्याला नुसतं बोललं गेलं. नोंद टिकवायची असेल तर क्रिया पुरी झालेली हवी. नोंद सुंदर आहे हो. एकोणीस वर्षांतली तुमची सर्वांत सुंदर नोंद. मी म्हणतो, ती टिकवा."

आणि ते हसले. सोमवारी हसले होते तसेच.

क्षणभर, खरं सांगायचं तर, डीबाईंना मोह झाला. नोंद सुंदर होती हे खोटं नव्हतं. एकोणीस वर्षांची सवय सांगत होती, की आधी शब्द सांभाळ, बाकीचं मागाहून. अर्ज भरायचा तर बावीस चिठ्ठ्या केराच्या टोपलीत. चिठ्ठ्या ठेवायच्या तर अर्ज पेपरवेटखालीच. काय बेमालूम सापळा लावलाय, त्यांच्या मनात आलं. एवढी हुशारी या माणसानं एखाद्या नोंदीवर खर्चली असती तर! आणि मग चार दिवस शिस्तीत उभा असलेला राग एकदम चालू लागला.

त्यांनी बावीसच्या बावीस चिठ्ठ्या टेबलाच्या मध्यावर ढकलल्या. "घाला कुठं घालायच्या त्या. माझी नोंद चुकली म्हणा, मी चुकले म्हणा. मला चिठ्ठ्या नकोत, सही हवी."

"सहीचं आपण सोमवारी निवांत–"

"मुदत आज पाचला संपते. आता चार वाजून पंचवीस मिनिटं झालीत."

"अहो, घाईघाईत असे निर्णय–"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टोपण उघडल्याचा आवाज झाला. एसमामांनी कोरी चिठ्ठी पुढं ओढली होती. त्यांच्या शेजारी एबीबाईंनीही. त्या खोलीत कुणी मोलाचं बोलू लागलं की हात आपोआप चिठ्ठीकडे जात; मुद्दाम ठरवून कुणी काही केलं नव्हतं.

"काय लिहिताय?" सरांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल ते," मामा म्हणाले. मान अजून पुरती वर आली नव्हती, पण पेन तयार होतं.

डीबाई उभ्या राहिल्या. "सर, सही करायची नसेल तर नाही म्हणा. 'बाई, मी तुमच्या अर्जावर सही करणार नाही.' एवढंच. तुमच्या तोंडून एकदा स्वच्छ 'नाही' ऐकलं की मी जाग्यावर जाऊन बसेन. विषय पुन्हा काढणार नाही, मंडळाकडे तक्रार करणार नाही. पण म्हणा. पाच दिवस मी तेवढं एक ऐकायला कान उघडे ठेवलेत आणि ते सोडून सगळं ऐकलं. म्हणा."

सरांनी तोंड उघडलं. त्यांनी मामांच्या पेनाकडे पाहिलं. 'नाही'ची एक अडचण असते; त्याच्या मागच्या बाजूला नाव लिहावं लागतं. काळजीला, सल्ल्याला, 'बघतो'ला मालक नसतो, ते हवेतून आल्यासारखं येतं आणि माणूस आपल्या पायांनी मागं फिरतो.

"मी," सर म्हणाले, "मी तुम्हाला नाही कसं म्हणेन?"

"मग सही करा."

कुणी हसलं नाही. सर उठले, आपल्या टेबलापाशी गेले, पेपरवेट उचललं. त्यांनी सही केली; तिचा शेवटचा फराटा रेघेखाली घसरला.

"तारीख," डीबाई म्हणाल्या.

त्यांनी तारीख घातली.

मंडळाचं कार्यालय दोन गल्ल्या टाकून होतं. डीबाई धावल्या नाहीत, पण रस्ता ओलांडताना एका सायकलवाल्यानं त्यांचा चेहरा पाहून स्वतःच ब्रेक दाबला. खिडकीपाशी पोचल्या तेव्हा पाचला वीस मिनिटं होती, आणि आतला कारकून फळी खाली ओढत होता.

"पाचपर्यंत आहे ना?"

"आहे, पण आवरायला नको?" त्यानं अर्ज घेतला, सही पाहिली, तारीख पाहिली. चांगल्या स्वभावाचा असावा, आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, एका जागेला तुम्ही चौथ्या. त्या पीवाल्या साहेबांचा तर सोमवारी दुपारीच आला, वर तुमच्या सरांचं शिफारशीचं पत्र जोडून. म्हणून म्हटलं, उगाच कशाला–"

सोमवारी दुपारी. म्हणजे सकाळी आपला अर्ज काचेखाली सरकवून, दुपारच्या आत पीसाहेबाला पत्र.

डीबाईंनी हात फळीखाली घातला आणि फळी वर ढकलली. ती वरच्या खाचेत इतक्या जोरानं बसली, की कारकुनाच्या टेबलावरच्या टाचण्या सांडल्या.

"शिक्का मारा," त्या म्हणाल्या. "वेळ घाला. आणि पोच द्या."

त्यानं शिक्का मारला, वेळ घातली, पोच दिली. डीबाईंनी ती तिथंच उभं राहून सबंध वाचली. वेळ पाच मिनिटं पुढची घातली होती, ती खोडून बरोबर करून घेतली. मग त्या वळल्या. राग काही उतरला नव्हता. उतरावा असं त्यांना वाटतही नव्हतं. मुलाखत मंगळवारी होती, तोवर तो लागणार होता.